शाळेची वही आणि गावची विहीर



गोष्ट फाल्गुनातली. सकाळी गोठा झाडून, धारा काढून मी ओट्यावर चहा घेत बसलो होतो. एवढ्यात आमची नात सुतळीचा गुंडा अन् वही घेऊन पुढ्यात उभी राहिली. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे.

"आबा, आपला बोअर दिवसाला किती तास चालतो?"

"लाईट असती तवर चालतो. का गं?"

"बाईंनी विचारून लिहायला सांगितलंय. आन् आपला बोअर गावच्या विहिरीपास्नं किती लांब हाय?"

"आसंल तीनशे पावलं."

"पावलं नकोत. तुमचं पाऊल मोठं, माझं बारकं. आम्ही दोरीनं मोजणार हाय."

पहिल्यांदा हसू आले. मग जरा रागच आला. पोरांना शाळेत धाडायचे ते लिहा-वाचायला, का दुसऱ्याच्या मोटारींचे तास मोजायला? त्यात चौथी-पाचवी म्हणजे स्कॉलरशिपच्या परीक्षेचे वय. चहा तसाच ठेवला अन् तडक शाळेत गेलो.

बाई वर्गात होत्या. माझा चेहरा बघून त्यांना काय ते कळले असावे. म्हणाल्या, "आबा, आधी बसा. ही वही बघा, मग काय बोलायचं ते बोला."

वही साधीच होती, शंभर पानी. पहिल्या पानावर लिहिले होते : "आपल्या गावची पिण्याच्या पाण्याची विहीर." पुढे तारखा. दर पंधरा दिवसांनी, विहिरीवरची मोटार सुरू व्हायच्या आधी, कठड्यापासून पाण्यापर्यंत किती फूट खोल, याची नोंद. दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत एक खाडा नाही. पोरांनी दोरीला दर फुटावर गाठ मारली होती अन् टोकाला दगड बांधला होता. दगड पाण्याला टेकला की भिजलेला भाग सोडून गाठी मोजायच्या. मोजताना शाळेची एक बाई नाहीतर शिपाईमामा हजर असल्याशिवाय कठड्यापाशी जायचे नाही, हा नियमही वहीच्या आतल्या बाजूला लाल शाईने लिहिला होता.

मी म्हणालो, "बाई, हे सगळं बरं हाय. पण यात शिकणं कुठं आलं?"

बाई म्हणाल्या, "आबा, तुमच्या नातीला विचारा, विहिरीत एक फूट पाणी म्हणजे किती लिटर?"

पोरीने फळ्यावर मांडून दाखवले. विहीर वीस फूट व्यासाची. तिचे क्षेत्रफळ काढायला बाईंनी मदत केली असावी. पण पुढचा गुणाकार तिचाच. एक फूट पाणी म्हणजे साधारण ८,९०० लिटर. सरकारच्या जल जीवन मिशनने २०१९ साली माणशी रोज ५५ लिटर असा हिशेब धरला. म्हणजे विहिरीतले एक फूट पाणी हे एकशेसाठ माणसांचे एका दिवसाचे पाणी. खाली उतरलेल्या प्रत्येक गाठीमागे एवढी माणसे उभी आहेत, हे माझ्या जन्मात कधी माझ्या डोक्यात आले नव्हते.

मी गप्प घरी आलो. पण मनात किडा वळवळू लागला. हे असले शिकवणे आजच निघाले, का आधीही कुणी सांगून ठेवले होते? मग थोडे वाचले, चार जाणत्यांना विचारले. जे हाती लागले ते तुम्हाला सांगतो.

मंडळी, ही नवी टूम नाही. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला. त्यापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. त्यात त्यांनी मागितले काय? प्राथमिक शाळेत लिहिण्या-वाचण्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान अन् आरोग्याचे धडे असावेत. खेड्यातल्या शाळेला जोडून लहानसे नमुन्याचे शेत असावे, म्हणजे पोरांना हाताने करून शिकता येईल. पुढे 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना त्यांनी डोंगराळ भागात ताली-बंधारे घालून पाणी शेतात मुरवायचे सांगितले. माती अन् पाणी हा शिकण्याचा विषय आहे, हे त्या माणसाला एवढ्या लवकर दिसले होते.

तिकडे अमेरिकेत जॉन ड्यूई नावाचे तत्त्वज्ञ होते. त्यांनी १८९६ साली शिकागो विद्यापीठात पोरांसाठी एक शाळा काढली. तिथली एक गोष्ट आपल्या कापूसवाल्या भावांना ऐकायला आवडेल. त्या शाळेत पोरांच्या हातात सरकीसकट कापूस दिला अन् सांगितले, रुई वेगळी करा. पोरे अर्धा तास खपली. निघाली किती? एक औंससुद्धा नाही, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमपेक्षा कमीच. तेव्हा त्यांना आपोआप कळले, की यंत्र येण्याआधी तिकडचे लोक सुतापेक्षा लोकरीचे कपडे का वापरत. हे पुस्तकात एका ओळीत सांगता आले असते. पण सांगितलेले पोर विसरते अन् बोटे दुखली की जन्मभर लक्षात राहते.

याचा अर्थ नुसते हात चालवले की झाले, असा मात्र नाही. ड्यूईसाहेबांचे म्हणणे असे, की माणूस काहीतरी करतो, त्याचा परिणाम त्याच्यावर उलटतो, अन् या दोहोंचा संबंध त्याच्या ध्यानात येतो, तेव्हा कुठे तो शिकतो. विस्तवाला हात लावला अन् भाजला, एवढ्याने शिक्षण होत नाही. भाजले ते विस्तवामुळे, हे जोडता आले पाहिजे. आपल्याकडे म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पण ठेच कशाने लागली हे मागच्याने बघितले, तरच तो शहाणा!

हेच ड्यूईसाहेब पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. तिथे १९१३ ते १९१६ या काळात आपले बाबासाहेब आंबेडकर शिकले. ड्यूईंच्या वर्गात ते बसले अन् त्यांच्या विचारांचा बाबासाहेबांवर मोठा प्रभाव पडला. लोकशाही म्हणजे नुसते मत टाकणे नव्हे, ती एकमेकांबरोबर मिळून जगण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार. अन् ही रीत शिकायची जागा म्हणजे शाळा. 'प्रकल्प' हा शब्द आज सगळ्या शाळांत चालतो, तोही याच विचारातून आला. ड्यूईंचे शिष्य किलपॅट्रिक यांनी १९१८ साली त्यावर निबंध लिहिला. पोराने मनापासून, काही हेतू धरून, चार लोकांत राहून केलेले काम, म्हणजे प्रकल्प, असे त्यांनी सांगितले.

आता आपण आपल्या घरातला प्रकल्प आठवू. रात्री नऊ वाजता पोरगे सांगते, उद्या 'पर्यावरण वाचवा' हा प्रकल्प द्यायचा आहे. मग बाप मोटारसायकलवर तालुक्याला पळतो. थर्माकोलचा तक्ता, रंग, प्लॅस्टिकची झाडे आणतो. आई रात्री बारापर्यंत चिकटवत बसते. पोरगे केव्हाच झोपलेले. दुसऱ्या दिवशी मार्क मिळतात अन् आठ दिवसांनी तो थर्माकोल उकिरड्यावर जातो. याच महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घालावी लागली होती. यात मन कुणाचे होते? हेतू कसला होता? मार्क खरे तर आई-बापालाच मिळाले म्हणायचे.

महात्मा गांधींची नई तालीम तर आपल्या वर्ध्यातच जन्मली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तिथे शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सात वर्षे मोफत शिक्षण, मातृभाषेतून, अन् मधोमध एखादे हातकाम : सूतकताई, शेती, सुतारकाम. गणित, भाषा, भूगोल हे त्या कामाला जोडून शिकवायचे. त्याला ते समवाय म्हणत. टकळीवरचे सूत मोजताना गणित आले, कापूस कुठून आला हे शोधताना भूगोल आला. हाताने काम करणारा हलका अन् पुस्तक वाचणारा भारी, ही आपल्या समाजाची जुनी खोड. तिच्या मुळावरच तो घाव होता.

पण त्याच समितीच्या अहवालात एक इशाराही आहे. कामातून उत्पन्न काढण्यावर भर गेला, तर गुरुजी पोरांकडून जास्तीत जास्त काम करून घेण्याच्या मागे लागतील अन् शिक्षण बाजूला राहील. हा इशारा आजही लक्षात ठेवण्यासारखा आहे. श्रमदानाच्या नावाखाली पोरांच्या हातात रोज झाडू अन् घमेले द्यायचे, पाहुणा येणार म्हणून मैदान साफ करून घ्यायचे, याला काही प्रकल्प म्हणत नाहीत. आपण करतो ते का करतो, त्यातून काय निघाले, पुढे काय करायचे, हे पोरांना ठाऊक नसेल, तर ती नुसती वेठ.

आणखी एक उदाहरण सांगतो. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला खेड्यातल्या बालकांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पोरे गुरे राखायला जात, शाळेत येत नसत. तेव्हा या बायांनी कुरणशाळा काढली. पोरे गुरांमागे जिथे जात, तिथे शाळा गेली. पोराचे जगणे सोडून शाळा वेगळी नसते, हे त्यांनी करून दाखवले.

वाचक हो, आता तुम्ही म्हणाल, हे झाले शिकण्याचे. यात नागरिकपणा कुठे आला? तर ऐका.

१९७६ साली आपल्या राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली. रानावनाचे, तळ्यांचे, नद्यांचे, वन्य जिवांचे रक्षण करणे हे त्यातले एक. १९७७ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या तिबिलिसी शहरात देशोदेशीचे लोक जमले. पर्यावरणाचे शिक्षण नुसत्या माहितीवर थांबू नये, ते प्रत्यक्ष सहभागापर्यंत जावे, असे तिथे ठरले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजात शिकवलाच पाहिजे असा आदेश दिला. तेव्हा कायद्यात कमी काही नाही. पोरांच्या पुस्तकात 'परिसर अभ्यास' आहेच. पण परिसर पुस्तकात नसतो, तो शाळेच्या फाटकाबाहेर असतो. अन् फाटकाबाहेर गेले, की तिथे आपण उभे असतो!

आपण शेतकरी बांधासाठी भांडतो. विताएवढ्या जागेसाठी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जातो. पण बांध वर असतो. खालच्या पाण्याला बांध नाही. आपल्या बहुतेक महाराष्ट्राच्या पोटात काळा पाषाण. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरुमात अन् खडकाच्या भेगांत. ही साठवण फार मोठी नाही. पावसाळ्यात भरायची, उन्हाळ्यापर्यंत पुरवायची. एकाच भेगेचे पाणी माझ्या बोअरला, शेजाऱ्याच्या विहिरीला अन् गावच्या आडालाही लागू शकते. सातबारा माझा असला, तरी त्या पाण्यावर नाव कुणाचेच नाही. जे सगळ्यांचे आहे ते कसे वापरायचे, हा खरा नागरिकाचा प्रश्न. मत टाकायला पाच वर्षांतून एकदा जावे लागते. हा प्रश्न मोटारीचे बटण दाबताना रोज येतो.

आता माझीच गोष्ट पुढे सांगतो. ती सांगताना मान थोडी खाली जाते.

पोरांनी दोरीने मोजले. माझा बोअर गावच्या विहिरीपासून दोनशे तीस मीटर भरला. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर, बोअर घ्यायचा नाही, हा नियम १९९३ सालच्या कायद्याने आणला. मी बोअर घेतला तो २०१३ च्या दुष्काळात. तेव्हा मला कुणी विचारले नाही अन् मीही कुणाला विचारले नाही. बागेतली झाडे जगवायची एवढेच दिसत होते. माझ्यासारखे आणखी दोन बोअर त्या टापूत आहेत.

बाईंनी वहीत कुणाचे नाव लिहू दिले नव्हते. बोअर एक, बोअर दोन, बोअर तीन, एवढेच. त्या पोरांना म्हणाल्या, "आपण चोर पकडायला निघालो नाही. पाण्याचं काय होतंय ते बघायला निघालोय." अन् विहीर का उतरली याचे उत्तरही त्यांनी लगेच मान्य केले नाही. ऊन वाढले म्हणून, पाऊस कमी झाला म्हणून, गावचा वापर वाढला म्हणून, का बोअरमुळे? सगळी कारणे पोरांकडून लिहून घेतली. मग म्हणाल्या, "आता ताडून बघू."

पोरे तिन्ही घरी गेली. विनंती केली, की दोन रात्री बोअर बंद ठेवा. दोघे हो म्हणाले, त्यात मीही होतो. तिसऱ्यानेही कुरकुर करत मानले. संध्याकाळी गावची मोटार थांबल्यावर मोजायचे अन् सकाळी ती सुरू व्हायच्या आधी पुन्हा मोजायचे. बोअर चालू असताना विहीर रात्रीत दीड फूट चढत होती. बोअर बंद ठेवलेल्या दोन्ही रात्री ती अडीच फूट चढली.

फरक एका फुटाचा. एक फूट म्हणजे किती, हे मला आता ठाऊक होते. एकशेसाठ माणसे.

त्या रात्री आमच्या घरात भांडण झाले. मुलगा म्हणाला, "पोरीच्या वहीपायी उन्हाळी भुईमूग वाळवायचा का? सोसायटीचं कर्ज वही फेडणार हाय व्हय?" त्याचेही खोटे नव्हते. कर्ज खरे, पीक खरे. सुनबाई पहिल्यांदा काही बोलली नाही. मग भाकरी थापता थापता म्हणाली, "गेल्या वैशाखात टँकरपुढं मीच हंडा घेऊन हुबी होते. आपल्याच बोअरनं विहीर आटवायची आन् आपणच टँकरची वाट बघायची."

मी १९७२ चा दुष्काळ पाहिलेला माणूस. बारा वर्षांचा होतो. आईबरोबर खडी फोडायला जात होतो, सुकडी खात होतो. पण ते सगळे आभाळाने केले असे आम्ही म्हणत आलो. आपल्या हातानेही दुष्काळ येतो, हे मला एका शंभर पानी वहीने शिकवले.

शेवटी मधला मार्ग निघाला. उभे पीक मोडायचे नाही. पण ते निघाले की वैशाखात नवीन काही पेरायचे नाही, बोअर एक दिवसाआड चालवायचा, अन् पुढच्या वर्षी रब्बीनंतर त्या तुकड्यात उन्हाळी पीकच घ्यायचे नाही. पोरांनी ग्रामसभेत आकडे वाचून दाखवले. भाषण नाही, घोषणा नाही. नुसते आकडे. सभेत बराच वेळ कुणी बोलले नाही. दुसऱ्या बोअरवाल्याने माझ्यासारखेच कबूल केले. तिसऱ्याने अजून केलेले नाही. त्याच्या दारात कुणी मोर्चा नेलेला नाही अन् नेऊही नये. पोरे दर पंधरवड्याला मोजतात, फळ्यावर लिहितात. तो येता-जाता वाचतो.

यंदा टँकर गेल्या वर्षीपेक्षा उशिरा आला. मी नातीला म्हणालो, "बघ, जिंकलीस!" तर ती म्हणते, "आबा, बाई म्हणाल्या एका वर्षावरनं ठरत नसतं. यंदा पाऊस बी थोडा बरा होता. अजून मोजायचं." मी पुन्हा गप्प. आकडा आपल्या बाजूचा असला, तरी त्याला जास्त बोलू द्यायचे नाही, हा प्रामाणिकपणा मला शाळेत कुणी शिकवला नव्हता.

मंडळी, तुमच्या गावातही हे करता येईल. पैसा लागत नाही. दोरी, दगड, वही अन् एक मोठे माणूस सोबतीला. आपली भूजल यंत्रणा ठरलेल्या विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च अन् मे. तुमच्या पोरांनीही निदान त्या चार महिन्यांत मोजावे. पावसाचाही हिशेब शिकवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर दहा हजार लिटर, एक टँकरभर पाणी. शाळेचे छप्पर शंभर चौरस मीटरचे असेल अन् वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर पन्नास हजार लिटर पाणी त्या एका छपरावर पडते. ते कुठे जाते, एवढे पोरांना शोधू द्या.

अन् आई-बापांनो, तीन गोष्टी आपण सांभाळू. पोराचा प्रकल्प आपण करायचा नाही. पोराने प्रश्न विचारला तर "गप बस" म्हणायचे नाही. अन् मोठ्यांनी केलेल्या घाणीचा भार पोरांच्या डोक्यावर टाकायचा नाही. ती मोजतील, दाखवतील. सुधारायचे काम आपले आहे. ती मोठी होतील तेव्हा त्यांचे होईल.

परवा नातीने नवी वही काढली. पहिल्या पानावर लिहिले आहे : "आपल्या गावचा ओढा." मी विचारले, "आता कुणाची पाळी गं?"

म्हणाली, "आबा, आधी मोजू तर द्या!"

बरंय मंडळी, पुढच्या आठवड्यात भेटू. राम राम!